दोन एकर अर्ली

माझं माहेर बागलाणातलं आणि सासर दिंडोरी तालुक्यातलं, वणी-पिंपळगाव रस्त्यालगतचं. जिल्हा एकच, नाशिक, पण द्राक्षाच्या बाबतीत हे दोन वेगळे पंथ आहेत. बागलाणात, म्हणजे सटाण्याकडे, फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी, जून-जुलैपासून सुरू होते आणि ऑगस्टपर्यंत उरकते. आमच्याकडे ती ऑक्टोबरात, दसऱ्याच्या मागेपुढे. छाटणीपासून माल तयार व्हायला एकशेवीस-तीस दिवस लागतात. त्यामुळे बागलाणची द्राक्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत निघतात, बाजारात माल थोडा असतो, भाव मिळतो. आमची निघतात फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा निफाड, दिंडोरी, चांदवड, शिवाय तिकडे सांगली-तासगाव, सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात. मग भावाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

असं असेल तर सगळेच अर्ली, म्हणजे अशी लवकरची छाटणी, का करत नाहीत, हा प्रश्न नाशिकच्या बाहेरचा प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर एका शब्दात: पाऊस. ऑगस्टात छाटलं की कोवळी फूट आणि त्यातून डोकावणारे घड ऐन पावसाळ्यात सापडतात. डावणी नावाचा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, जिरतात. बागलाणात पाऊस कमी म्हणून तिकडे हे जमतं, पण तिथंही दर वर्षी जमतंच असं नाही. २०१९ ला ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस हटला नव्हता. त्या वर्षी माझ्या भावानं अख्खा प्लॉट सोडून दिला होता.

आमच्या घरात शेती मी आणि सासरे बघतो. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आमचे हे सातपूरला कंपनीत पर्मनंट आहेत, सकाळी मोटारसायकलवर जातात आणि शिफ्ट संपली की येतात. हिशेबाची वही माझ्याकडे. दादांनी उभ्या आयुष्यात ऑक्टोबर सोडला नाही. त्यांच्या लेखी ऑगस्टला कात्री लावणं म्हणजे आकडा लावणं.

२०२३ च्या मार्चमध्ये माल २६ रुपयांनी गेला. एकरी खर्च साडेतीन ते चार लाख आणि उत्पादन दहा टन, म्हणजे किलोला पस्तीस-चाळीस रुपये घालून आम्ही तो २६ ला विकला होता. त्या रात्री मी वही काढून मागच्या काही हंगामांचे आकडे एकाखाली एक मांडले. २०१९ चा पाऊस आमच्या ऑक्टोबर छाटणीलाही लागला होता. २०२० ला काढणी आली आणि लॉकडाऊन लागला, घड वेलीवरच राहिले. त्यापुढे कधी बरं, कधी वाईट. बेरीज-वजाबाकी केली तेव्हा कळलं, की ज्याला आम्ही ‘सेफ’ म्हणत होतो त्यात पैसा सेफ नव्हताच. सेफ होती ती इज्जत. गावाचं बुडालं त्यात आपलंही बुडालं, तर पारावर कुणी नाव ठेवत नाही. उलट सगळे मिळून सरकारला शिव्या घालतात, त्यात निम्मं दुःख निघून जातं.

हे मी दादांना बोलून दाखवलं नाही. सुनेनं असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि खरं तर तेव्हा मलाही ते इतकं नीट मांडता आलं नसतं.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचं वाण घ्यायला जावई-लेक म्हणून आम्ही दोघं सटाण्याला गेलो. अनारसे झाले, ह्यांना कपडे झाले, आणि संध्याकाळी मी भावाबरोबर मळ्यात गेले. त्याच्या एका प्लॉटला आधीच फूट निघाली होती. मला वाटलं, मी अर्लीचा विषय काढला की तो खूश होईल. तसं काहीच झालं नाही.

“ताई, तुमच्याकडचा पाऊस वेगळा,” तो म्हणाला. “आमचं बघून करू नको. आधी मला सांग, गेले तर किती गेलेले चालतील?”

“म्हणजे?”

“म्हणजे पूर्ण प्लॉट गेला. एक रुपया आला नाही. त्यानंतर मार्चात खरड छाटणीला, खताला, पोरांच्या फीला पैसे राहतील का? राहत असतील तेवढंच छाट.”

(खरड छाटणी म्हणजे माल निघाल्यावर नवी काडी यावी म्हणून करतात ती.) किती मिळतील हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आमच्या गावात मात्र जो येतो तो हेच विचारतो.

परत आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर मी काही गोष्टी लिहिल्या. पाचपैकी दोनच एकर. ह्यांच्या पगाराला हात लावायचा नाही. सोसायटीचं पीककर्ज आहे तेवढंच, वर नवं कर्ज नाही, सोनं गहाण नाही. आणि एकरी दीड लाख खर्च झाला की बाग मोजायची. तेव्हा वेलीला वीसपेक्षा कमी धड घड असतील, तर तिथंच हात थांबवायचा. ह्यांनी पान वाचलं आणि खाली सही केली, गंमत म्हणून. ती सही पुढे कामाला आली.

दादांचं मन वळवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं होतं, हात मोकळे असतील तर लाल कांदा लाव, कांद्यात बुडून बुडून किती बुडणार. नेमकं त्याच ऑगस्टच्या १९ तारखेला केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि लासलगावसकट जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. दादा दोन दिवस बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, “कर तुझे दोन एकर. पण वरचा मुरमाड तुकडा घे. काळ्यात नको, ट्रॅक्टर फसंल.” तो तुकडा उताराचा आहे, पाणी थांबत नाही, आणि खरड छाटणीही मार्चअखेरीलाच झाली होती. माझ्या मनात तोच होता. पण तो त्यांनी सुचवला हे बरं झालं.

आता प्रत्यक्ष कामाचं सांगते.

कात्री लावायच्या आधी काडी तपासून घ्यावी लागते. काडीवरच्या डोळ्यात घड तयार झालाय की नाही, आणि कितव्या डोळ्यात आहे, हे बाहेरून दिसत नाही. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागातल्या काड्या कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून प्रयोगशाळेत नेल्या. तिथला मुलगा ब्लेडनं डोळ्याचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरत होता. मी म्हटलं, मला दाखव. भिंगाखाली हिरवट गरात पांढुरका, खडबडीत ठिपका दिसला, त्याला दोन फाटे फुटलेले. “हा घड,” तो म्हणाला. दुसऱ्या काडीत तसाच ठिपका होता, पण फाटे नसलेला, टोकदार. “ही बाळी. यातून घड निघायचा नाही.” इतकी वर्षं बागेत राबले, पण चार महिन्यांनी क्रेटमध्ये पडणारा माल आज डोळ्यात बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अहवाल आला की चौथ्या ते सहाव्या डोळ्यावर घड चांगले आहेत. सातव्यावर कात्री मारायचं ठरलं.

अर्लीचा एक फायदा कुणी सांगत नाही, तो मजुरांचा. आमच्याकडे छाटणी-विरळणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात. ऑक्टोबरात सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात टोळी हवी असते आणि मुकादम फोन उचलत नाही. ऑगस्टच्या शेवटी त्यांची भातलावणी उरकलेली असते, हाताला काम हवं असतं. मुकादम पहिल्या फोनला आला आणि दरातही ओढाताण झाली नाही.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. औषध जहाल, हातमोज्यांशिवाय लावायचं नाही. आणि ते हाताळायच्या आधी आणि नंतरही दारू वर्ज्य, नाहीतर माणूस लालबुंद होतो, छातीत धडधड सुरू होते, प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. मुकादमानं सगळ्यांना ओळीत उभं करून बजावलं, “आज आणि उद्या कुणी टाकायची नाही. परवा काय ते बघा.” बायका हसल्या. दोघं गडी मात्र पेस्ट सोडून काड्या गोळा करायला गेले.

तो ऑगस्ट कोरडा गेला. नुसता आमच्याकडे नाही. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं, विहिरींचा तळ दिसत होता, सोयाबीन वाळत होतं. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस असंच राहू दे. असं वाटायची लाजही वाटायची. पण वाटायचं, हे खरं.

पाऊस गणपतीत आला. पोंगा, म्हणजे डोळ्यातला कोवळा कोंब, फुटून फूट हातभर झाली होती, घड दिसत होते, म्हणजे डावणीला हवी तीच अवस्था. सकाळी उठल्यावर पहिलं काम पानं उलटून बघायचं. वरून पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग आणि खाली त्याच जागी पांढरी बुरशी दिसली की समजायचं, आली. दव, रिमझिम, बंद आभाळ, यातलं काहीही तिला पुरतं; पान ओलं राहिलं की झालं. फवारणी करून ट्रॅक्टर बाहेर काढावा तर पुन्हा शिंतोडे. फेलफूट, म्हणजे बिनघडाची फूट, काढून बाग मोकळी केली, हवा खेळती ठेवली, नाल्याकडच्या ओळींची लागलेली पानं तोडून बाहेर नेऊन पुरली. तरी त्या ओळी गेल्याच. वरचा भाग वाचला. मुरमाड रानानं वाचवला, माझ्या हुशारीनं नाही.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण बांधावर थांबायचा. “काय म्हणते वहिनी अर्ली?” या प्रश्नाला उत्तर नसतं. बरी आहे म्हटलं तर दृष्ट लागते, वाईट आहे म्हटलं तर संध्याकाळपर्यंत पिंपळगावात पोचतं. मी म्हणायची, “आहे हिरवी.”

मग आला २६ नोव्हेंबर. त्रिपुरी पौर्णिमा होती, रविवार, हे घरी होते. दुपारनंतर आभाळ भरलं आणि अवकाळी कोसळला. निफाड तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या, आमच्या शिवारात गारा थोड्या, पाणी फार. आणि इथे सगळा खेळ उलटला. आमचे ‘सेफ’ तीन एकर ऐन फुलोऱ्यात होते. द्राक्षाला फुलोऱ्यात पाऊस लागणं यासारखं वाईट काही नाही, घडकुज आणि गळ दोन्ही होतात. अर्लीचे मणी मात्र घट्ट होऊन नुकते नरम पडू लागले होते. थोडे तडकले, बहुतेक तगले. रात्री बॅटरी घेऊन मी आणि दादा दोन्हीकडे फिरून आलो. दादा काही बोलले नाहीत. मीही नाही. त्यांच्या ऑक्टोबरचं नुकसान हे माझंच नुकसान होतं, त्यात जिंकण्यासारखं काय होतं?

जानेवारीच्या सुरुवातीला अर्लीचा माल गेला, एकरी सातेक टन, भाव ७५. पैसे रोख घेतल्याशिवाय क्रेट गाडीत चढू दिला नाही. व्यापारी कुरकुरला, पण आमच्या भागात माल उचलून रातोरात गायब होणाऱ्यांचे किस्से इतके आहेत की मला वाईट वाटलं नाही. फवारण्यांनी वाढलेला खर्च वजा जाता दोन एकरांत पावणेदोन-दोन लाख सुटले. ते सगळे ऑक्टोबरच्या तीन एकरांचा खड्डा भरण्यात गेले. वर्ष बरोबरीत सुटलं. गावात मात्र बोभाटा झाला की फलाण्याच्या सुनेनं अर्लीत लाखो कमावले. जे त्या वर्षी कांद्यावर बसले होते, त्यांच्यावर ८ डिसेंबरला निर्यातबंदी येऊन आदळली होती, त्यामुळे माझे दोन लाख त्यांना वीस वाटत होते.

पुढच्या ऑगस्टात गावातले आणखी काही जण छाटायला निघाले. काही जण तर पाच-पाच एकर. मला विचारायला आले तेव्हा मी भावाचा प्रश्न विचारला, किती गेलेले चालतील? लोकांना तो अपशकुनी वाटला.

२०२४ चा ऑगस्ट ओला होता. महिनाअखेरीला गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरी रामकुंडावर दुतोंड्या मारुतीपर्यंत चढली. नाशिककर पूर त्या मारुतीवरच मोजतात. ह्यांनी दुपारी सातपूरहून फोन करून सांगितलं. आमची छाटणी झालेली होती. पुढे पाऊस मोठा असा नव्हता, पण रोज होता. पानं सुकायला सवडच मिळेना. पोंग्यातच डावणी शिरली.

दीड लाखाची रेषा आली त्या दिवशी मी आणि दादा घड मोजायला उतरलो. दर दहाव्या ओळीतला एक वेल धरायचा आणि धड घड मोजायचे. अकरा, नऊ, चौदा, सात. वरच्या टोकाला एका वेलीवर बावीस निघाले तर दादा म्हणाले, “बघ! अजून दोन फवारण्या घेऊ. एवढं घातलंय, आता सोडायचं?”

ऑगस्टच्या छाटणीला जुगार म्हणणारा माणूस हे म्हणत होता. उभ्या आयुष्यात बाग न सोडलेल्या माणसाला सोडवत नव्हती, आणि ते मला समजत होतं. मलाही सोडवत नव्हती. मी घरी जाऊन वही आणली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मुलाची सही बघितली. “यानं कशाला सही केली?” एवढंच म्हणाले, आणि फवारणीचं औषध उधारीवर आणायला निघालेल्या पोराला परत बोलावलं. राहिलेले घड काढून टाकले, काडी तेवढी जपली. तीन लाख गेले. लिहिलं होतं तेवढेच गेले.

भरपाईचा विषयच नव्हता. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी. रोज थोडा थोडा पडून पानं ओली ठेवणारा, पण कुठल्याच निकषात न बसणारा पाऊस कागदावर पाऊसच नसतो. आदल्या नोव्हेंबरात तलाठी, कृषी सहायक बांधावर आले होते, सगळं गाव पंचनाम्याला एकत्र उभं होतं, चहा झाला होता. या वेळी अर्लीवाले मोजकेच, आणि प्रत्येक जण आपापल्या बांधावर एकटा. “सांगितलं होतं,” हे वाक्य मी त्या दिवाळीत इतक्या जणांकडून ऐकलं, त्यातल्या निम्म्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. एका चुलतसासूबाईंनी तर फराळाचं ताट पुढे ठेवत विचारलं, नोकरी असताना कशाला उपद्व्याप? नोकरी होती म्हणूनच ते उपद्व्याप करता आले, हे त्यांना कसं सांगणार. ज्यांच्या घरात महिन्याला पगार येत नाही अशांनी माझं बघून पाच-पाच एकर छाटले होते. त्यांच्या घरी त्या दिवाळीत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

मला कुणी विचारलं तर मी आजही म्हणते, की २०२३ चा निर्णय आणि २०२४ चा निर्णय एकच होता. तोच तुकडा, तीच तपासणी, तेच पान. एका वर्षी आभाळानं साथ दिली आणि एका वर्षी दिली नाही. पण पहिल्या वर्षी मी हुशार होते आणि दुसऱ्या वर्षी हट्टी.

२०२५ ला अर्ली केलीच नाही. घाबरून नाही. मे महिन्यातच अवकाळीनं ठाण मांडलं, डोळ्यात घड धरायच्या दिवसांत ऊन मिळालं नाही, आणि काडी तपासायला नेली तर भिंगाखाली बाळ्याच बाळ्या. जिथे घडच नाही तिथे जोखीम कशाची घ्यायची?

आता घरात नवा वाद आहे. दादांना बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन हवंय. पाऊस, गारा, सगळ्यातून सुटका. एकरी खर्च पाच लाखांच्या घरात, निम्मं अनुदान, उरलेलं बँकेकडून काढायचं म्हणतात. “एकदाच काय ते सेफ होऊन जाऊ.” मी म्हणते, वादळात ते प्लॅस्टिक उडालं तर कर्ज मात्र जागेवर राहील, आणि शेवटच्या पानावर नवं कर्ज नाही असं लिहिलंय. ते म्हणतात, पान तुझं, सही त्याची, माझी कुठेय? हे बरोबर आहे. त्यांनी मला न सांगता पुतण्याकडून महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज भरून घेतलाय, हे मला ओटीपी ह्यांच्या फोनवर आला तेव्हा कळलं. अर्ज मंजूर झाला तर वही पुन्हा काढावी लागेल, आणि या वेळी त्या पानावर दादांची सही घेतल्याशिवाय मी काही बँकेत जायची नाही.